ओठापासून निघालेली रेघ

संग्रहालयाचे साहेब खोटे बोलले. तेही एका आंधळ्या माणसाशी, मला त्याच्या तळहातावर ठेवून.

मित्रांनो, मी एक जुने ग्रीक चांदीचे नाणे आहे. रागानेच सुरुवात केली, पण त्याची माफी मी मागणार नाही. आधी ऐका.

माझा जन्म हातोड्याखाली झाला. कारागिराने साच्यात एका स्त्रीचा चेहरा उलटा कोरला होता; नाकाच्या जागी खड्डा, गालाच्या जागी खोलगट वाटी. त्यात तापलेली चांदी ठेवून घाव घातला की चेहरा सुलटा उठायचा. केसांच्या बटा, कानातले डूल, भोवती पोहणारे चार मासे, सगळे अंगठ्याएवढ्या जागेत! माझी पाळी येईपर्यंत घाव सोसून साच्याला तडा गेला होता. त्या तड्यात चांदी शिरली आणि माझ्या ओठापासून माशाच्या शेपटीपर्यंत केसाएवढी बारीक रेघ उठली.

मग किती बाजार, किती मुठी, आणि एका मडक्यात जमिनीखाली काढलेली शतके. ते सगळे सोडा. मला खरे पाहिले ते एका कवळ्या बनवणाऱ्याने. तो आयुष्यभर मेणात लोकांचे दात कोरत आला होता. सुट्टीच्या दिवशी तो टेबलावर कापड अंथरून मला भिंगाखाली घेई. माझ्या अंगावरचा काळपटपणा त्याने कधी पुसला नाही. त्यामुळेच बट न् बट वेगळी दिसते, असे तो म्हणे. रेघेवर तर त्याचा भारी जीव.

"साचा फुटत आलाय हे त्या घडवणाऱ्या गड्याला कळलं होतं," तो बायकोला सांगे. "तरी हात थांबवला नाही."

"घरच्या बाईकडे कधी भिंग लावून बघितलंत?" ती विचारी.

"तुला कशाला भिंग? तू लांबूनही ऐकू येतेस."

पुढे ती गेली. त्याचे डोळेही गेले. मग तो मला अंगठ्याने वाचू लागला. शेवटी, पोरांनाही बघू दे म्हणून त्याने मला संग्रहालयाला दिले. अटी दोनच होत्या. मला घासायचे नाही, आणि तो येईल तेव्हा त्याच्या हातात द्यायचे. साहेबांनी त्याचा हात हातात धरून शब्द दिला.

वर्षभरात प्रदर्शन ठरले. मी काळे, फोटोत उठत नाही, म्हणून साहेबांनी मला बक्षिसांचे कप चमकवणाऱ्याकडे धाडले. तो बिचारा प्रामाणिक. हा ओरखडा ठेवू का, असे त्याने विचारलेसुद्धा. साहेबांनी सगळे साफ करायला सांगितले. त्याने माझ्यावर पॉलिशचे फिरते चाक धरले. रेघ गेली, बटा बोथट झाल्या, मी नव्या चमच्यासारखे चकाकू लागले. लोकांनी वाहवा केली. मला शिसारी आली.

मग तो आला, जावयाला घेऊन. जावयाने मला पूर्वी कधी पाहिले नव्हते. अंगठा माझ्या ओठावर टेकला, पुढे सरकला, मागे आला, पुन्हा गेला.

"हे माझं नाही," तो म्हणाला. "रेघ कुठाय?"

"तेच आहे, काका," साहेब म्हणाले. "वय झालं. बोटांना आता पूर्वीसारखं कळत नसेल."

नाणे तेच, हे खरे. म्हणून तर ते खोटे इतके बेमालूम बसले. त्याने मला परत केले आणि कितीतरी वेळ आपलाच अंगठा चोळत राहिला.

परवा जावई एकटाच येऊन पहारेकऱ्याशी बोलत होता, माझ्या काचेसमोरच. म्हातारा आता शर्टाची बटणेही दुसऱ्याकडून लावून घेतो म्हणे. माझी बोटं खोटं सांगतात, म्हणतो.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर चमकवायच्या आधी तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा. एवढे तुम्हाला.

आणि साहेब, तुम्हाला. मी पुन्हा पहिल्यासारखे होणार नाही, ते तुमच्याकडे मागतही नाही. पण त्या माणसाच्या बोटांनी खरे सांगितले होते. हे त्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, तुम्ही कधी कबूल करणार? मला दिवस सांगा.