बुवा बसलेत

बुवा बसलेत.

एवढंच ती नवऱ्याला फोनवर म्हणाली आणि पुढचं तोंडातच राहिलं. दांडीवर नव्हे, पिंजऱ्याच्या तळाला बसलेत. पिसं फुलवून, डोळे मिटून, पिवळ्या लोकरीचा गुंडा घरंगळून पडावा तसे. श्वासागणिक शेपटी वरखाली.

"बसू दे की," नवरा म्हणाला. "गवई माणूस, दमला असेल."

"चेष्टा पुरे. बाबांना किती वाजता सोडणारेत?"

"चारला घरी पोचू." मग हळूच, "त्यांना मी काही बोलत नाही."

बुवा म्हणजे सासऱ्यांची कॅनरी. सासरे रोज सकाळी पाच सुरांची शीळ घालायचे आणि बुवा तीच परत करायचे. जरा घोगरी, जरा अर्धवट, पण तीच. गेल्या आठवड्यात सासऱ्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. शीळही गेली, दोन्ही कायमचे. दवाखान्यात जाताना ते सुनेला म्हणाले होते, "शीळ बुवांकडे ठेवून चाललोय. सांभाळ."

सांभाळलं? तिनं आठवायला घेतलं. शिवणाचं मशीन आणि पिंजरा एकाच खोलीत. चार दिवस बुवांचं डोकं फिरल्यासारखं झालं होतं. चिंधी दिसली की ओढ. तळाचा कागद फाड. दोऱ्याचे तुकडे नेऊन दाण्याच्या वाटीत कोंब. "बुवा, शोभतं का हे वयाला?" म्हणत तिनं रोज ते उपसलं, केरात टाकलं, आणि काल पिंजराच मशीनपासून उचलून खिडकीत ठेवला.

खिडकीत वारा होता.

तिनं घाईनं फोन लावला.

"हॅलो, बुवा बसलेत हो, आवाजही बसलाय..."

"ताई, हा जनावरांचा दवाखाना आहे. बुवांना घशाच्या डॉक्टरकडे न्या."

"अहो, बुवा पक्षी आहेत!"

पलीकडे कुणीतरी हसलं. मग डॉक्टरीणबाई आल्या. त्या हसल्या नाहीत.

"पोट फुगलंय?"

"हो."

"कुंथल्यासारखं करतोय?"

"हो."

"नर की मादी?"

"बुवा आहेत."

"नाव कळलं. नर आहे कशावरून?"

"गातात ना!"

"माद्याही गातात थोडंफार. चिंध्या, दोरे गोळा करत होता?"

तिनं केराच्या टोपलीकडे पाहिलं.

"अंडं अडकलंय," बाई म्हणाल्या. "ऊब द्या. जवळ ओला गरम टॉवेल ठेवा. पोट अजिबात दाबू नका, आत फुटलं तर संपलं. दहा वाजलेत. बारापर्यंत झालं नाही तर घेऊन या, पण हलवण्यातही धोका आहेच."

बुवा बसले होते

नाही.

बुवा बसली होती. दोन वर्षं ती गात होती. चार दिवस ती घरटं बांधत होती. आणि ते घरटं रोज कोणी केरात

पुढचं तिला म्हणवेना.

तिनं मशीनचा छोटा दिवा काढून पिंजऱ्याला लावला. टॉवेल पिळला. गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर पिंजऱ्याला तीन बाजूंनी टाचलं. केराची टोपली पालथी घालून दोरे वेचले, झटकले, दाण्याच्या वाटीजवळ ठेवले. मग हात रिकामे झाले आणि भीतीला जागा झाली.

साडेदहा. शेपटी वरखाली.

अकरा. दिवा फार जवळ तर नाही? लांब केला. फार लांब तर नाही? पुन्हा जवळ.

सव्वाअकरा. पक्षिणीनं मान टाकली. गेली. नाही, उचलली. शीळ घालावी म्हणून हिनं ओठांचा चंबू केला. नुसती फुंकर निघाली. एक डोळा उघडला, काळा, मोहरीएवढा, आणि मिटला.

पावणेबारा. तिनं चपला घातल्या. पिंजऱ्याच्या कडीला हात लावला. हलवलं तर फुटेल. नाही हलवलं तर... कडी धरून ती तशीच उभी राहिली.

पक्षिणीचं सगळं अंग ताठ झालं.

कागदावर अंडं होतं. फिकट निळसर, तपकिरी ठिपक्यांचं, शर्टाच्या बटणापेक्षा थोडंसंच मोठं. पक्षीण त्याच्याशेजारी आडवी. ही मोजत राहिली: एक श्वास. दोन. अकराव्याला ती उठली आणि पाण्यापर्यंत गेली.

चारला सासरे आले. गळ्याला पट्टी, हातात पाटी. चपला न काढताच लिहिलं: बुवा?

"बाबा, बुवा बाई निघाले."

सासऱ्यांचे खांदे हलले. हसत होते, आवाज नव्हता. मग त्यांनी पिंजऱ्याशी वाकून ओठ पुढे काढले. पाचांतला एकही सूर आला नाही. पिंजऱ्यातूनही नाही.

"गाईल," ती घाईनं म्हणाली. "पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एका अंड्यावर थांबत नाहीत. रोज एक, चारपाच तरी. आणि पुन्हा अडकू शकतं."

सासऱ्यांनी पाटी पुसली. लिहिलं: उद्या किती वाजता?

"सकाळी."

त्यांनी दिव्याची मान बोटभर जवळ केली, खुर्ची पिंजऱ्याशी ओढली आणि शेपटीवर नजर ठेवून बसले.