कोकिळा सोड्याचा घोडा

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा घोडा आहे. पांढरा म्हणजे एके काळचा. आता पिवळट पडलो आहे, आणि गुडघ्यांचं तर विचारूच नका. माझं नाव खाऱ्या. अलिबागपासून मुरुडपर्यंतच्या किनाऱ्यावर एके काळी हे नाव ठाऊक नाही असा माणूस सापडला नसता. आजही सापडणार नाही. पण आता ते नाव निघालं की लोक हसतात, आणि त्या हसण्यानं मान खाली जाते ती माझ्या धन्याची, धर्माची. खरं तर जायला हवी माझी. म्हणून आज सगळं सांगून टाकतो. मोठ्या माणसांपुढे सांगायची माझी छाती नाही.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीचा माझा जन्म. पालीला बल्लाळेश्वराच्या देवळामागे टांगे उभे राहत, तिथला. माझी आई टांग्याची घोडी. टांगेवाल्याला शिंगरू सांभाळणं जमेना. त्याच दिवशी पेणच्या खाडीकाठचा दयाराम बैल बघायला पालीला आला होता. तो मिठागरावर राबणारा माणूस. मनासारखा बैल मिळाला नाही, रिकाम्या हाती परत कसं जायचं, म्हणून तो मला घेऊन घरी आला. त्याच्या बायकोनं, येसूबाईनं, कपाळावर हात मारला.

"बैल आनायला गेलता ना? मंग ह्यो काय आनलाव?"

त्या घरात घोडा कधी कुणी पाळला नव्हता. घोड्याशी काय बोलायचं हेच कुणाला माहीत नव्हतं. दयाराम म्हणाला, "बैलाशी बोलतो तसाच बोलायचा. चार पायच हायेत ना त्यालाबी?" झालं! मी बैलाची भाषा शिकलो. 'हो' म्हटलं की थांबायचं. येसूबाई लांबून "होऽऽ" करायची, मी जागच्या जागी उभा राहायचो, आणि ती कनवटीचा गुळाचा खडा माझ्या तोंडात घालायची. तुम्ही म्हणाल, 'हो' म्हणजे तर होकार. तुमच्या शाळेत असेल, अलिबागच्या कचेरीत असेल. आमच्या घरात होकाराला 'व्हय' म्हणतात. 'हो' हा शब्द मी एकाच अर्थानं ऐकत वाढलो, तो म्हणजे थांब.

दयाराम चार-पाच वर्षांत तापानं गेला. मागे राहिली येसूबाई आणि तिचा मुलगा धर्मा. धर्मा तेव्हा विशीतला होता, अंगानं सडपातळ, पण मांड अशी पक्की की पाठीवर नुसती गोणी टाकून बसला तरी हलायचा नाही. मिठागराच्या बांधावर आम्ही दोघं पळायचो. बांध जेमतेम दोन हात रुंद आणि दोन्ही बाजूंना खारं पाणी. तिथे तोल सांभाळायला शिकलेला स्वार किनाऱ्यावरच्या मोकळ्या वाळूत कुणाला ऐकतो होय! ओहोटी लागली की गावोगावच्या किनाऱ्यावर शर्यती व्हायच्या. नागावला आम्ही पहिल्यांदा उतरलो आणि पहिले आलो. लोक ओरडत होते, "पल रं पल!" आणि मी पळत होतो. निशाण मागे गेलं की धर्मा हळूच "हो" म्हणायचा. मी थांबायचो. तो लगाम खेचून मला कधीच थांबवत नसे. त्याला माझ्या तोंडाची फार काळजी होती.

दुसऱ्या वर्षी आम्हाला चंदरशेठनं पाहिलं. शेठचा अलिबागला सोड्याचा कारखाना होता, गोळीच्या बाटल्यांचा. नाव 'कोकिळा सोडा'. शेठ धर्माला म्हणाला, "घोडा तुझा, स्वार तू, खर्च माझा. फक्त नाव माझ्या सोड्याचं." तेव्हापासून माझी चैन सुरू झाली. भिजवलेला हरभरा, नवं खोगीर, खुराला नाल. धर्माला महिन्याचा पगार. आणि माझ्या अंगावर पांढरी झूल, तिच्यावर दोन्ही बाजूंना तांबड्या अक्षरांत 'कोकिळा सोडा'. शेठनं तर जाहिरातीत माझं नावही बदललं, 'कोकिळाराजा' केलं! येसूबाईला ते ऐकून एवढं हसू यायचं की ती पदर तोंडात कोंबायची. पण तीन वर्षं आम्ही शेठला खाली बघायला लावलं नाही. अलिबाग, रेवदंडा, मुरुड, जिथे उतरलो तिथे ढाल आणली. मी माजलो होतो, मित्रांनो. दुसरा घोडा शेजारी बांधलेलासुद्धा मला खपत नसे.

चौथ्या वर्षी शेठनं अलिबागच्या किनाऱ्यावर स्वतःची मोठी शर्यत भरवली. त्या शर्यतीला मुंबईहून एक साहेब येणार होते. त्यांच्या तबेल्यात रेसचे घोडे होते आणि त्यांना कोकणातला एखादा हलका, पक्क्या मांडीचा स्वार हवा होता. शेठनं धर्माला सांगून ठेवलं, "ही जिंकलास की तू मुंबईला. साहेबांशी माझं बोलणं झालंय." त्या दिवसापासून धर्मा नीट जेवेना. रात्रंदिवस एकच विचार, आईला मिठागरावरून उठवायचं. येसूबाईच्या पायांना मिठानं एवढ्या भेगा पडल्या होत्या की ती टाचा टेकून चालत नसे. मुंबईचा पगार सुरू झाला असता तर तिचं मिठात उतरणं सुटणार होतं. हे मला सगळं ठाऊक होतं. धर्मा खरारा करताना माझ्याशीच तर बोलायचा.

शर्यतीच्या दिवशी समुद्र लांब गेला होता, वाळू टणक होती. आम्ही सहा घोडे होतो. अर्ध्या वाटेतच मी पुढे झालो. थळचा एक काळा घोडा तेवढा मागे होता, तोही दहा हातांवर. समोर निशाण दिसत होतं. निशाणापाशी मांडव, मांडवात शेठ, साहेब आणि शेकडो पाहुणे. आणि शेठच्या हातात नवा लाउडस्पीकर! आम्ही जवळ आलो तसा शेठला राहवेना. तो त्यात ओरडला, "आपला कोकिळाराजा जिंकणार की नाही?"

आणि सगळा मांडव एका तोंडानं ओरडला, "होऽऽऽ!"

मी थांबलो.

निशाण वीसेक हातांवर राहिलं होतं. धर्मा माझ्या मानेवरून पुढे वाळूत जाऊन पडला आणि थळचा काळा घोडा शेजारून निघून गेला. बिचारं जनावर, त्याला शिकवलं तसं ते वागलं, असं तुम्ही म्हणाल. नाही हो, तसं नाही. पहिला "हो" कानावर आला तेव्हा हा आवाज घरचा नाही, हे मला कळलं होतं. धर्माच्या टाचा माझ्या बरगडीला सांगत होत्या, चल, चल. एक टाप मी पुढे टाकलीही. आणि तेवढ्यात मला गूळ आठवला. खरं सांगतो, गूळ आठवला. सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.

शेठचा चेहरा तांबडा झाला होता. साहेबांसमोर, पाहुण्यांसमोर त्याची शोभा झाली होती. तो धावत आला आणि धर्मा उठून उभा राहायच्या आधीच त्याच्यावर गरजला, "लगाम खेचलास! थळवाल्यांनी तुला फोडला!"

"न्हाय शेट. लगाम सैल व्हता. तो 'हो'ला थांबतो. आमी त्याला बैलावानी शिकिवलाय."

लोक हसले. "घोडा म्हणे बैलासारखा थांबतो!" कुणीतरी म्हणालं. शेठला वाटलं, हा आपलीच टर उडवतोय, दोष आपल्याच लाउडस्पीकरवर ढकलतोय. साहेब पाठ फिरवून मांडवात जाऊन बसले.

त्या आठवड्यात मी जेवढं ऐकलं तेवढं आयुष्यात ऐकलं नव्हतं. रस्त्यानं जाताना पोरं मला बघून "हो रे बैला, हो!" करायची आणि खिदळायची. गावोगावच्या शर्यतींच्या ढाली आणणारा मी, आणि मला बैल म्हणत होते! मला एवढा राग आला की मी मनाशी ठरवून टाकलं, आता ब्रह्मदेव खाली उतरून 'हो' म्हणाला तरी थांबायचं नाही.

इकडे येसूबाई गप्प बसली नव्हती. ती त्या भेगांच्या पायांनी शेठच्या दारात गेली आणि म्हणाली, "शेट, माझ्या पोराला चोर म्हनता, तर एकदा पारखून बघा. त्याच्या हातात लगाम देऊ नका. हात बांधा पायजे तर. घोडा पलवा नि तुमी सोता हो बोला. घोडा थांबला तर माझा पोर खरा."

शेठ वाईट माणूस नव्हता. तो कबूल झाला. साहेबही अजून अलिबागलाच होते, तेही आले. पुन्हा ओहोटी, पुन्हा तीच वाळू. शर्यतीचे पंच उभे राहिले. लगाम माझ्या मानेवर गाठ मारून टाकला. धर्मानं दोन्ही हात छातीशी बांधून घेतले. येसूबाई म्हणाली, "मीच 'हो' बोलू का?" शेठ म्हणाला, "तुझ्या आवाजाला थांबला तर त्यात नवल काय? तू लांब राहा."

मला वाटलं, हीच वेळ! परवाची लाज आज धुऊन काढायची. धर्मानं टाच मारली आणि मी सुटलो. शेठ ओरडला, "हो!" मी कान मागे टाकले आणि आणखी जोरात पळालो. पंच ओरडले, "हो! हो!" मी त्यांच्या अंगावर वाळू उडवत निघालो. निशाण मागे टाकलं. तेव्हा लांबून येसूबाईचा रडका आवाज आला, "खाऱ्या, हो रं बाबा, हो!" आणि आता काम फत्ते झालं, असं समजून मी ऐटीत थांबलो.

शाबासकीसाठी मी मान वळवून पाहिलं. कुणी टाळी वाजवली नाही. शेठ पंचांना म्हणत होता, "बघितलंत? परक्यांच्या 'हो'ला ढुंकून बघत नाही, घरच्यांच्याला थांबतो. म्हणजे परवाही घरच्यानंच थांबवला." साहेब टोपी घालून गाडीकडे निघाले.

धर्मा खाली उतरला. माझ्यापुढे उभा राहून हळूच म्हणाला, "खाऱ्या, आज रं का न्हाय थांबलास?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, मित्रांनो. त्या वाळूत मला गाडून घ्यावंसं वाटलं. थांबायचं नव्हतं तेव्हा मी गुळासाठी थांबलो आणि थांबायला हवं होतं तेव्हा मी ऐटीसाठी पळालो. दोन्ही वेळा मी फक्त माझाच विचार केला.

झूल त्याच दिवशी काढून घेतली. पंचांनी ठराव केला की लगाम खेचणाऱ्याला किनाऱ्यावरच्या कुठल्याही शर्यतीत उतरू द्यायचं नाही. धर्मा पाच वर्षांत एवढा नावारूपाला आला होता, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा मिठात उतरला. येसूबाईही त्याच्या शेजारी उतरली आणि शेवटपर्यंत उतरतच राहिली. मुंबई राहिली मुंबईला.

मला विकतील असं वाटलं होतं. विकायलाच हवं होतं. निदान उपाशी ठेवायला हवं होतं. जुन्या घोड्यांच्या गोष्टीत त्यांना कुणी विचारत नाही, उन्हात बांधून ठेवतात, असं तुम्ही ऐकलं असेल. माझं उलट झालं. धर्मा मिठागरावरून थकून येतो आणि आधी माझ्यापुढे गवत टाकतो. माझे गुडघे दुखतात म्हणून गरम तेल चोळतो. त्याच्या स्वतःच्या पायांना आता आईसारख्याच भेगा आहेत. तो तेल चोळत असतो तेव्हा मला त्याच्याकडे बघवत नाही. एकदाच जरी त्यानं मला चाबूक मारला असता तरी मला जरा बरं वाटलं असतं.

धर्माला एक मुलगी आहे, कमळ. तिसरीत जाते. परवा ती शाळेतून रडत आली. वर्गातली मुलं तिला 'लगामखेच्याची पोर' म्हणतात. तिनं दप्तर ओट्यावर टाकलं आणि बापाला सरळ विचारलं, "बा, तू खरंच लगाम खेचलावतास?"

"न्हाय गो बाय."

"मग घोडा का थांबला?"

धर्मा माझ्याकडे बघत म्हणाला, "जनावर हाय ते. त्याला काय कलतंय?"

एवढं होऊनही तो मला पाठीशी घालत होता. आणि कमळनं डोळे पुसले खरे, पण तिचा विश्वास बसला नव्हता. ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

कळतंय, मित्रांनो. जनावराला सगळं कळतं, फक्त सांगता येत नाही. घोड्यांना जपा, चारापाणी वेळेवर द्या, हे तुम्हाला पुष्कळ जण सांगतील. माझं मागणं तेवढं नाही, मला सगळं मिळालं. माझं मागणं माणसाला जपण्याचं आहे. कमळच्या वर्गात तुमच्यापैकी कुणी असेल, किंवा किनाऱ्यावर कुणी धर्माचं नाव घेऊन हसताना तुम्ही ऐकाल, तर त्याला थांबवून एवढंच सांगा की लगाम सैल होता. कुणी सांगितलं असं विचारलं, तर माझं नाव घ्या. तो लगाम माझ्या तोंडात होता.