डोळ्यात घातलेलं दूध

"घाल गो दोन थेंब. लाजतंस कित्याक?"

सुगंधाबाई सुनेच्या मांडीवर डोकं ठेवून पडल्या होत्या. सकाळी भात कापताना पातीचं टोक उजव्या डोळ्यात गेलं होतं. डोळ्याला काही लागलं की बाळंतिणीचं दूध घालायचं, हे त्या वाडीत ठरलेलं. बाळंतीण घरातच होती. लग्न झाल्यापासून दीपिकाच्या हातच्या कालवणाला नावं ठेवल्याशिवाय सासूबाईंचा घास उतरला नव्हता, आणि आज त्या तिचंच दूध मागत होत्या. दीपिकाला मनातून फार बरं वाटलं. तिने थेंब घातले.

"थंड वाटता," सासूबाई म्हणाल्या. मग रोज हाक मारू लागल्या.

डोळा मात्र लालबुंद झाला, बुबुळावर पांढरा ठिपका आला. मुंबईहून सुदेशने फोनवर आईला आणि बायकोला यथेच्छ झापलं, तेव्हा कुठे दोघी बाळाला घेऊन कणकवलीला गेल्या.

"डोळ्यात काय घातलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काय नाय हो. पाणी मारलं," सुगंधाबाईंनी ठोकून दिलं, आणि दीपिकाच्या दंडाला चिमटा काढला.

हा चिमटा आपल्याला वाचवायला, की स्वतःची लाज झाकायला, ते दीपिकाला कळेना. "माझं दूध घातलं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. डोळ्याला जखम झाली की डोळा स्वतःच एन्झाइम सोडतो. ते मेलेला भाग विरघळवतं, म्हणून वर नवा पापुद्रा धरतो. पण जखमेत बुरशी शिरली की ते आवरत नाही, चांगला भागही विरघळवत सुटतं. थेंब बुरशी मारायला आणि गोळ्या त्या एन्झाइमला आवर घालायला.

"म्हंजे खळा झाडूक आणलेलो गडी घराची भित पाडता," सुगंधाबाई म्हणाल्या.

"आणि दुधात असतं का हे एन्झाइम?" दीपिकाने विचारलं.

"दुधात वेगळी असतात. जंतू मारणारंही असतं, अश्रूंत असतं तसं."

"मग ते चांगलंच ना?"

"दूध डोळ्यात घालायचं नाही. त्यातून जंतूही जाऊ शकतात."

"मग माझ्यामुळे झालं?"

"बुरशी भाताच्या पातीवरही असते. नक्की कशानं झालं, ते मी सांगू शकत नाही."

दीपिकाच्या डोक्याचा पार भुगा झाला. बरं करणारंच खातं, चांगलं आहे तेच घालायचं नाही, आणि दोष कुणाचा ते डॉक्टरलाही माहीत नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. येताना रिक्षात बाळ भुकेने रडू लागलं, तर त्याला पदराखाली घेतानासुद्धा तिचा हात अडखळला.

दिवाळी गेली, आंब्यांना मोहर आला. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम भरली, डोळा बरा झाला.

"बरो झालो म्हणतत, मगे दिसणा कित्याक नाय?" सुगंधाबाईंनी घरी येऊन विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तेच दीपिकाने पुन्हा सांगितलं. जखम भरते तिथे पांढरा वण राहतो, आणि वणातून दिसत नाही. सासूबाईंनी मान हलवली. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि खरं तर दीपिकालाही नाही.

संध्याकाळी शेजारची मथुरा बातमी काढायला आली. सुगंधाबाई नातवाला मांडीवर घेऊन ओटीवर बसल्या होत्या.

"सुनेचा दूद घातलंस म्हणान डोळो गेलो, खरा?" मथुराने विचारलं.

दीपिका दाराआड थबकली.

"दूद मी मागलंय. तिना दिल्यान," सुगंधाबाई म्हणाल्या. "डोळ्यात भाताची पात गेली. इचारूचा तर त्या पातीक इचार. माझ्या सुनेचा नाव घेव नको."

दीपिकाचे डोळे भरून आले. पदर डोळ्यांना लावून ती बाहेर आली, तोच बाळाचा हात आजीच्या उजव्या डोळ्याकडे चालला होता, बोटं पसरून, सरळ. सुगंधाबाई मथुराशी बोलतच होत्या. त्यांनी मान वळवली नाही, पापणीही मिटली नाही. दीपिकाने धावत जाऊन तो हात वरच्या वर धरला.

"काय झाला गो?" सासूबाईंनी दचकून विचारलं.

दीपिकाने बाळाला उचलून त्यांच्या डाव्या, दिसत्या डोळ्याच्या बाजूला बसवलं.