पाण्याखालचा मुका नाच

मित्रांनो, स्पेनच्या कातालान किनाऱ्यावरच्या या बंदरात, जाळी वाळत घालतात त्या भिंतीजवळ जी पोट सुटलेली जुनी लाकडी पाणबुडी उभी आहे, ती मी. माझ्याआधी या गावात कोणी मुद्दाम बुडण्यासाठी होडी बांधली नव्हती.

मला किर्झे सुताराने बांधले. त्याचा भाऊ पोवळी काढायला खोल बुडी मारत असे. एकदा तो वर आला तो बहिरा होऊनच. तेव्हापासून माणसाला कोरड्या अंगाने तळाशी न्यायचे, हा ध्यास किर्झेने घेतला. मला दुहेरी लाकूड, वरून तांब्याचा पत्रा आणि शेपटीचा पंखा फिरावा म्हणून आत पाच जणांनी हाताने फिरवायचा लांब दांडा. गाव मला पिंप म्हणे. मला राग येत नसे. इथे पिंपाला मान आहे, त्यात वाइन असते.

मी तासभर पाण्याखाली राहिले, तर आरमार किर्झेला पुढची पाणबुडी बांधायला मदत देणार होते. नाही राहिले, तर माझी फळकुटे चुलीत जाणार होती. आणि दर वेळी अर्ध्या तासातच आतली मेणबत्ती मंदावे, माणसांना धाप लागे.

"हवा जाते कुठे?" किर्झे डोके धरून बसला.

दांडा फिरवणाऱ्या पाच जणांचा म्होरक्या बाल्दिरी. त्याची बायको रोझेता जाळे सांधत होती. "गवयांच्या पोटात," ती म्हणाली. "आमचे हे खाली गातात ते धक्क्यावर ऐकू येतं!"

"अगं, गाण्याशिवाय ताल कसा धरायचा?" बाल्दिरी चिडला. "मुकाट्याने फिरवलं की एकाचं कोपर दुसऱ्याच्या थोबाडावर बसतं."

"हात धरून गोलात सार्दाना नाचताना कसा धरता? पावलं मोजणारा एकटाच असतो. पावलं बदलायची वेळ आली की तो शेजाऱ्याचा हात दाबतो, शेजारी पुढच्याचा. तोंड उघडतं का कुणी?"

"वहिनी, हात दांड्यावर असतात," किर्झे म्हणाला.

"आणि गुडघे काय घरी ठेवून जाता?"

परीक्षेच्या दिवशी आरमाराचा एक अधिकारी घड्याळ घेऊन आत बसला. झाकण बंद झाले. बाल्दिरीने मनात मोजत शेजाऱ्याला गुडघा लावला, त्याने पुढच्याला. शेवटचा गुडघा अधिकाऱ्याला लागला.

"हा काय चावटपणा?"

पाचही जण ओठ मिटून दांडा फिरवत राहिले. हवा वाचवायची होती ना! थोड्या वेळाने पाहते, तर साहेबांचाही गुडघा तालात हलत होता.

मेणबत्ती मंदावली, पण विझली नाही. तास भरला. झाकण उघडताच बाल्दिरीचे कोंडलेले गाणे असे उसळले, की धक्क्यावरच्या कोंबड्या पळाल्या. साहेबही गात होते, बेसूर.

पुढची पाणबुडी लोखंडी झाली आणि मी मागे पडले. पण मला फोडायला त्या पाच जणांनी कोणाला हात लावू दिला नाही. मधली काही वर्षे माझ्यात कोंबड्याच राहत. आज मोठमोठ्या पाणबुड्या महिनोन्‌महिने खाली राहतात. तिथेही खलाशी आवाज न करता काम करतात, असे ऐकते. ऐकून मला भारी गंमत वाटते.

मित्रांनो, माझ्या तांब्याच्या पत्र्यावर नावे कोरू नका. उन्हाळ्यापूर्वी माझ्या लाकडाला तेल लावा. खुशाल आत या, दाटीने बसा, शेजाऱ्याला हळूच गुडघा लावा. गाणे मात्र झाकण उघडल्यावर, आणि अगदी मोठ्याने!