चुंबकाचा सोमवार

अमृतरावांना बैल कळत होते, चुंबक कळत नव्हता. पण डाळमिल त्यांच्या मालकीची, म्हणून चुंबकालाही बैलासारखंच वागावं लागे.

उदगीरच्या धान्याच्या मोंढ्यामागं ही मिल. तुरीच्या पोत्यातून काय काय निघतं ते मोंढ्यात कुणालाही विचारा. मळणीयंत्राचे नट, तारेचे तुकडे, पोती शिवायच्या दाभणाची मोडकी टोकं. तूर भरडणाऱ्या रोलात पडायच्या आधी पाटासारख्या जड चुंबकावरून घसरते आणि लोखंड तिथंच चिकटून राहतं. ते पुसून काढायचं काम गुणाबाईचं.

अमृतरावांच्या घरात सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. तो बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा वार. पुढं बैल विकले, मिल टाकली, सोमवार मात्र राहिला. आता ओढणारा कोण उरला? चुंबक. आठवडाभर लोखंड ओढून त्याचा दम जातो, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. दर सोमवारी कामगार यायच्या आधी ते स्वतः चुंबक काढायचे, त्याला विभूती लावायचे आणि कापडात गुंडाळून आपल्या गादीवर ठेवायचे. चुंबकाच्या रिकाम्या जागेवरचं झाकण बंद, त्यामुळं बाहेरून काही कळायचं नाही. मिल मात्र चालूच. सुट्टी चुंबकाला होती, माणसाला नव्हती.

हे गुणाबाईला माहीत होतं, कारण झाकण तीच उघडायची. एकदा बोलली तर मालक म्हणाले, "तुला देवधर्म कळतो का झाडू कळतो?" मग ती झाडू घेऊन कामाला लागली.

अशाच एका सोमवारी दाभणाचं टोक रोलात गेलं. ठिणगी उडाली, भुशाची धूळ भडकली आणि मशीनवरच्या सिद्धलिंगचे दोन्ही हात भाजले. लोक त्याला घेऊन लातूरच्या दवाखान्याकडं पळाले. त्या गोंधळात अमृतरावांनी गादीवरचा चुंबक उचलून परत जागेवर बसवला. एकट्या गुणाबाईनं पाहिलं.

सिद्धलिंगच्या बायकोला, दानम्माला, मालकांनी सांगितलं, "चुंबक जागेवरच होता गं. पण वापरून वापरून त्याचा जोर सरला. त्यात ही गुणाबाई पुसत नव्हती."

दानम्मा गुणाबाईची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. गुणाबाईनं दवाखान्यासाठी भाकरी बांधून नेल्या तर दानम्मानं त्या तिच्यादेखत कुत्र्याला टाकल्या.

"माझ्या नवऱ्याचे हात खाऊन आता भाकरी देऊन राहिलीस व्हय?"

"त्या दिवशी चुंबक नव्हताच, दानम्मा. मालकानं काढला व्हता."

"मालक कपाळाला विभूती लावून खोटं बोलतेत, आन् तू खरं? सर दारातून."

गल्लीत गुणाबाईशी कुणी बोलेना. तिला बाकी कशाची पर्वा नव्हती. दानम्माला खरं कळावं, एवढंच हवं होतं. पण तिच्या शब्दाला विचारतो कोण?

अमृतरावांना मात्र आपलं खोटं पक्कं करून घ्यायचं होतं. ज्यानं चुंबक विकला त्या रविकांतला त्यांनी नांदेडहून बोलावलं. दानम्मालाही मुद्दाम बोलावून घेतलं. तिच्यासमोर रविकांतला सुनावलं, "तुझा माल वापरात मेला. कबूल कर."

रविकांत काही गरीब गाय नव्हता. "चुंबक म्हणजे काय टॉर्चचा सेल हाय का मालक, वापरला की संपला? तापवा, हातोड्यानं ठोका, तर बिघडंल. लोखंड ओढून चुंबक थकत न्हाई."

"बैल थकतो."

"बैल पेंड खातो. चुंबक काय खातो?"

पोती उचलणारे हमाल हसले. अमृतरावांचे कान लाल झाले. रविकांतनं गाडीतून त्याच जातीचा नवा चुंबक आणला. दोन्ही चुंबक आळीपाळीनं तुळईला टांगले, खाली लोखंडी पट्टी चिकटवली, पट्टीला पारडं अडकवून त्यात मापं टाकत गेला. नव्यानं जेवढ्या वजनाला पट्टी सोडली, तेवढ्यालाच जुन्यानंही सोडली.

"बघा. एवढी वर्षं वापरला तरी जोर तसाच. आता बोला, माझा माल मेला का तुमचं डोकं?"

एवढ्या लोकांत हा अपमान अमृतरावांच्या घशाखाली उतरेना. ते गादीवरून उठले.

"तसाच राहील न्हाई तर काय? तुझ्या मालाचं कौतुक न्हाई ते. मी जपला म्हणून राहिला. दर सोमवारी बाहेर काढून या गादीवर आराम देतो मी त्याला. एक सोमवार चुकविला न्हाई आजवर. विचार या बाईला."

बोट गुणाबाईकडं होतं.

गुणाबाई जागची हलली नाही. "हाव. एकबी चुकविला न्हाई," ती म्हणाली. "आता पुढचं तुमीच सांगा मालक. सिद्धलिंग जळला तो वार कोणता?"

अमृतराव घाईनं म्हणाले, "देवाच्या कामात वार काढू नये."

"वार तर तुमीच काढला," दानम्मा म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली होता. "सोमवार व्हता. मी उपास धरला व्हता त्या दिशी. चुंबक तुमच्या गादीवर झोपला आन् माझ्या माणसाचे हात जळले. चला लातूरला. त्याच्या तोंडावर सांगा."

"मिल चालू हाय. उद्या बघू."

गुणाबाईनं भिंतीवरचा विजेचा मोठा दांडा खाली ओढला. पट्टे फडफडत थांबले. मालकासमोर असं कुणी आजवर केलं नव्हतं, पण एकही हमाल दांडा वर करायला पुढं झाला नाही.

"झाली बंद," गुणाबाई म्हणाली. "जावा आता."

अमृतरावांनी हमालांकडं पाहिलं. हमाल त्यांच्याकडंच बघत होते. मग त्यांनी चपला घातल्या.

दारात दानम्मा थांबली. "तूबी चल संगं. चुकलं माझं."

"मालकाला तू घेऊन जा," गुणाबाई म्हणाली. "कुत्र्याला टाकलेल्या भाकरी मी अजून इसरले न्हाई."