दोन हेर्मान

रविवारी ग्रोटेवील कुटुंबाचा मेळावा होता आणि शुक्रवारपर्यंत वंशावळीचं पान छापखान्यात द्यायचं होतं. अल्विनाचं पान अडलं होतं.

मिसूरीतल्या चर्चच्या जुन्या वहीत तिला दोन नोंदी सापडल्या होत्या. मार्च १८५७: हेर्मान, वय साडेतीन, ताप, नदीकाठी पुरला. नोव्हेंबर १८५७: हेर्मान, बाप्तिस्मा. आईबाप तेच. मूल गेलं की पुढच्याला त्याचंच नाव ठेवायची त्या काळी घराण्यात रीतच होती. अल्विनाला ती ठाऊक होती. तरी १८५६ साली अमेरिकेला आलेल्या जहाजाच्या यादीतला तीन वर्षांचा हेर्मान म्हणजे आपले पणजोबाच, असं तिने वीस वर्षं धरलं होतं. प्रयोगशाळेत जन्म घालवलेल्या बाईने, न तपासता.

आणि तिचे वडील ओस्कर, नव्वदीचे, दर मेळाव्यात तीच गोष्ट सांगत: तीन वर्षांचे आजोबा, जहाजाच्या फळ्यांना फासलेल्या डांबराचा वास, बापाच्या खांद्यावरून दिसलेला अमेरिकेचा किनारा. ऐकायला पोरंटोरं जमिनीवर बसत. यंदाही बसणार होती.

तिने स्वयंपाकघरातच विषय काढला. "बाबा, तुमचे आजोबा त्या जहाजावर नव्हते."

"मग काय, पोहत आले?"

तिने दोन्ही नोंदी वाचल्या. ओस्करनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"अगं, मी त्यांच्या मांडीवर बसून ऐकलंय. म्हातारपणीसुद्धा डांबराच्या वासाने त्यांना मळमळायचं. थापा मारणारा माणूस नव्हता तो."

"थापा नाहीत, बाबा. त्यांच्या आईने सांगितलं असणार त्यांना. जहाजावर तूच होतास म्हणून."

ओस्कर टेबलावरचे केकचे कण बोटाने गोळा करत राहिले.

"मरेपर्यंत त्यांना कळलं नसेल?"

"माहीत नाही."

"त्या गेलेल्या पोराला जागा कर पानावर," ते म्हणाले. "पण आजोबांना जहाजावरून उतरवू नकोस, अल्वी."

"दोघं एकदम कसे असतील?"

"मला काय विचारतेस? शास्त्र तू शिकलीस."

अल्विनाने शाईने थोरल्याचं नाव लिहिलं, जहाजाने आलेला म्हणून. त्याखाली धाकट्याचं: हेर्मान, जन्म १८५७, मिसूरी.

"वाच," ओस्कर म्हणाले. तिने वाचलं.

"आणि डांबर?"

"त्याची नोंद नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. रविवारी काय सांगायचं, हे त्यांनी विचारलं नाही. खुर्ची नदीकडच्या खिडकीकडे वळवून बसले. कॉफी तशीच राहिली.