पाखऱ्याने नाकारलेली पेंड

पडवीत तेलाचं मशीन आल्यापासून ज्योतीराम बापजाद्यांच्या लाकडी घाण्याकडे असा बघायचा, जणू चार दिवसांचा पाहुणा ठाण मांडून बसलाय आणि उठायचं नाव घेत नाही. सोजरबाईला पोटच्या पोराचं हे बघणंच खपत नव्हतं. कंपनीत फिटर झाला म्हणून काय शिंगं फुटली? निम्मं चिंचवड गावठाण तिच्या पाखऱ्या बैलाने ओढलेल्या घाण्याच्या तेलात फोडणी देत होतं.

"आये, घाणा उपटू. पाखऱ्याला चाकणच्या बाजारात विकू. त्या जागी मशीन बसवू."

"आधी दोन्हींत सारखे दाणे घाल. ज्याचं चांगलं निघंल, ते राहील."

सुट्टीच्या दिवशी सामना लागला. आळी गोळा झाली. पाखऱ्या घाण्याभोवती फिरू लागला. सोजरबाई मधूनमधून शेंगदाण्यांवर पाण्याचा हबका मारत होती. त्याशिवाय घाण्यात तेल सुटत नाही. शेजारी मशीनच्या तोंडात मात्र कोरडेच दाणे पडत होते. तिचा जीव कळवळला. ज्योतीरामची पाठ वळताच तिने तिथंही तांब्या उपडा केला.

मशीनने उचकी दिली आणि तेलाऐवजी पिठलं ओकलं.

"आये! पाणी घातलंस?"

"मग? कोरडा घास गळ्याखाली उतरतो व्हय?"

"अगं, ते दाबून तेल काढतंय! त्याला पाणी न्हाई लागत!"

आळी खो खो हसली. मशीन खोलून पुसण्यात दुपार गेली. मग पुन्हा कोरडे दाणे घातले, आणि तेल घाण्यापेक्षा चांगलं शेरभर जास्त पडलं. सोजरबाईचं तोंड एवढंसं झालं.

"आत्याबाई, तुमीच बोलला व्हता," सून नीला हळूच म्हणाली.

ज्योतीरामने बैलाचं दावं सोडलं. जाता जाता चार घास खाऊ दे, म्हणून तेल निघून उरलेली मशीनची कोरडीठाक पेंड पुढं केली. पाखऱ्याने हुंगली, फुर्र केलं, मान फिरवली आणि घाण्याच्या तेलकट पेंडीत तोंड खुपसलं.

सोजरबाईने पदर खोचला आणि लेकाच्या हातातलं दावं काढून घेतलं.

"ज्योत्या, निघतं म्हंजे काय नुसतं तेल? पेंड बी निघती. तुझं मशीन तुझ्या सासऱ्यावानी हाय! लग्नात उरलेली बुंदीसुदिक बांधून घेऊन गेला, मागं कण ठेवला न्हाई. ऱ्हाऊ दे त्याला पडवीत. ज्या दिवशी त्याची पेंड माझा पाखऱ्या खाईल, त्या दिवशी घाणा उपट!"